फर्माईश कोणाची?

मध्यंतरी एका वाचनालयाच्या सभागृहात दुसऱ्या महायुद्धातील नभोवाणीवर व्याख्यान होते. परदेशी आघाड्यांवर लढणाऱ्या सैनिकांसाठी त्या काळी जे करमणुकीचे कार्यक्रम झाले, त्यांच्या काही जुन्या ध्वनिमुद्रिका वक्त्यांनी ऐकवल्या आणि मग चर्चेला तोंड फुटले. एका निवृत्त प्राध्यापकांनी ठामपणे सांगितले, की हा सारा प्रचार होता. मरायला पाठवलेल्या पोरांना गुंगीत ठेवण्यासाठी सरकारांनी गाण्याची अफू वाटली. त्यावर दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उसळून म्हणाले, की मनोबल हेही शस्त्रच असते आणि या कार्यक्रमांनी लढाया जिंकून दिल्या आहेत. पुढचा पाऊण तास सभागृह या दोन बाकांवर वाटले गेले. अफू की शस्त्र, एवढाच काय तो वाद. बरॅकीत, खंदकात किंवा बोटीच्या तळमजल्यावर रेडिओला कान लावून बसलेल्या माणसाला स्वतःला काय हवे होते, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर न बोलता एकमत होते, आणि माझा आक्षेप त्या एकमतालाच आहे. सैनिक म्हणजे एक रिकामे भांडे. वरून कोणीतरी त्यात काहीतरी ओततो. ते विष की अमृत एवढेच ठरवायचे. हे गृहीतक चुकीचे आहे. सैनिकांसाठीच्या नभोवाणीचा जो भाग खरोखर टिकला, ऐकला गेला आणि पुढे आठवला गेला, तो वरून ओतलेला नव्हता, खालून मागितलेला होता. म्हणून तिची पारख करायची तर दोनच प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. फर्माईश कोणाची होती? आणि रेडिओचा कान पिळून केंद्र बदलण्याची मुभा कोणाच्या हातात होती? हे दोन प्रश्न लावले, की त्या काळातले पुष्कळसे कौतुक गळून पडते आणि पुष्कळशी टीकाही गळून पडते. उरते ते अधिक कठोर आणि अधिक खरे असते.

आधी सुरुवात पाहू. अमेरिकी सैन्याची नभोवाणी सेवा युद्ध खात्याने १९४२ च्या मे महिन्यात रीतसर स्थापन केली. पण त्यापूर्वीच पनामा कालव्याच्या पट्ट्यात आणि अलास्कातील कोडियाक येथे तळावरच्या सैनिकांनी आपली छोटी केंद्रे खटपट करून चालू केली होती. सरकार तेथे मागाहून पोहोचले. ब्रिटनमध्येही वेगळे घडले नाही. १९३९-४० च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये नुसते बसून असलेले ब्रिटिश सैनिक बीबीसीचे गंभीर कार्यक्रम सोडून हलकेफुलके काही लावणाऱ्या परक्या केंद्रांकडे वळू लागले, तेव्हा बीबीसीला जाग आली. जॉन रीथ यांनी घडवलेल्या या संस्थेत रविवार म्हणजे प्रार्थना, प्रवचन आणि गंभीर संगीत असा शिरस्ता होता. लोकांना जे हवे ते देण्यापेक्षा जे त्यांच्या हिताचे ते द्यावे, ही तिची श्रद्धा होती. जानेवारी १९४० मध्ये सैनिकांसाठीची वेगळी वाहिनी सुरू झाली आणि रविवारीही नृत्यसंगीत आणि विनोद ऐकू येऊ लागले. वीस वर्षांच्या पोराला छावणीत रविवारी संध्याकाळी प्रवचन नको असते, हे समजण्यासाठी महायुद्ध व्हावे लागले. घरी राहिलेल्या नागरिकांनीही या नव्या वाहिनीला पसंती दिली, आणि युद्ध संपल्यावर बीबीसीची जी हलक्या मनोरंजनाची वाहिनी निघाली तिचे मूळ येथेच होते.

अमेरिकेत १ मार्च १९४२ रोजी ‘कमांड परफॉर्मन्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. राजाच्या आज्ञेवरून होणाऱ्या खास प्रयोगाला इंग्रजांकडे हे नाव आहे. येथे आज्ञा करणारा राजा म्हणजे परदेशातला साधा सैनिक. त्याने पत्र लिहायचे आणि हॉलिवूडमधल्या कलावंतांनी, एक पैसाही न घेता, त्याची आज्ञा पाळायची. कार्यक्रम सोळा इंची तबकड्यांवर मुद्रित होऊन विमानांनी आणि बोटींनी जगभर जाई, लघुलहरींवरूनही ऐकू येई. मायदेशातल्या श्रोत्यांना मात्र तो ऐकायला मिळत नसे. १९४२ च्या नाताळात एकदाच अपवाद झाला. आता या पत्रांतून मागण्या काय येत, ते पाहण्यासारखे आहे. गाणी तर होतीच. पण कोणी लिहिले, की तव्यावर मांसाचा तुकडा चरचरतो तो आवाज ऐकवा. तो ऐकवला गेला. कोणाला अ‍ॅन मिलर या नटीचे नृत्य हवे होते, तेही पायात लष्करी बूट घालून. कोणाला कॅरोल लँडिस या नटीचा फक्त एक सुस्कारा हवा होता. सुस्कारा! नभोवाणीच्या कुठल्या अधिकाऱ्याला, मनोबलाच्या कुठल्या तज्ज्ञाला ही कल्पना बसल्या जागी सुचली असती? डबाबंद अन्नावर महिनोन्‌महिने काढलेल्या माणसाला चव मिळणार नव्हती, वास मिळणार नव्हता. रेडिओतून येऊ शकेल असा जेवणाचा एकच अंश म्हणजे तव्याचा चरचराट, आणि नेमका तोच त्याने मागून घेतला. या मागणीत देशप्रेम नाही, शत्रुद्वेष नाही, शौर्य नाही. हिला प्रचार म्हणणाऱ्याने प्रचार कशाचा, ते सांगावे. आणि हिला शस्त्र म्हणणाऱ्यानेही कोणावर रोखलेले, ते सांगावे.

या नभोवाणीला पहिला विरोध पुरोगाम्यांकडून आला नाही, तो आला सैन्याच्या हितचिंतकांकडून. नोव्हेंबर १९४१ मध्ये व्हेरा लिन या गायिकेचा कार्यक्रम बीबीसीवर रविवारी रात्री नऊच्या बातम्यांनंतर सुरू झाला. बाहेरगावी असलेल्या माणसाला घरून पत्र यावे, तसा त्याचा घाट होता. मागितलेली गाणी ती गाई, मध्येच एखाद्या सैनिकाला सांगे, की तुमच्या घरी बाळ झाले, बाळंतीण आणि बाळ सुखरूप आहेत. यावर काही खासदार आणि निवृत्त लष्करी अधिकारी नाराज झाले. असल्या रडव्या गाण्यांनी शिपाई हळवा होतो, त्याला घर आठवते, लढण्याची धार बोथट होते. त्याला रणगीते आणि कूचगीते ऐकवा, असा त्यांचा आग्रह होता. बीबीसीच्या नियामक मंडळाने आपल्या इतिवृत्तात या कार्यक्रमाबद्दल नापसंती व्यक्त केली आणि त्याच ओळीत त्याची लोकप्रियता लक्षात घेतल्याचेही नोंदवले. सरकारी भाषेत यापेक्षा प्रामाणिक हतबलता मी वाचलेली नाही. पुढे जुलै १९४२ मध्ये बीबीसीने गुळमट गाण्यांविरुद्ध धोरणच जाहीर केले. पुरुष गायकांच्या निस्तेज, रडक्या गायनाला आणि स्त्रियांच्या अतिभावुक गायनाला मज्जाव करण्याचे ठरले. आणि झाले काय? १९४४ मध्ये हीच व्हेरा लिन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चौदाव्या सैन्यासमोर गायला गेली, तेव्हा आपण विस्मरणात गेलो आहोत असे मानणाऱ्या त्या सैन्याने तीच हळवी गाणी मागितली. ब्रह्मदेशात त्यांची धार त्यामुळे बोथट झाली, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. आपल्याकडेही पोवाडा हा मर्दाचा आणि लावणी ही छावणीची, म्हणून पोवाडा तारक आणि लावणी मारक, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. उत्तर पेशवाई लावणीने नासवली, हे वाक्य शाळेच्या फळ्यावरून अनेकांच्या डोक्यात गेले ते तेथेच राहिले. पण दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघालेला शिपाई सात-आठ महिने घराबाहेर असे, आणि लावणीतली विरहिणी त्याचीच वाट पाहत असे. दूर गेलेल्या सख्याला ती जी आळवणी करते, ती ऐकणारा श्रोता स्वतः कोणाचा तरी दूर गेलेला सखा होता. ही लावणी शिपायाला युद्धविन्मुख करते म्हणावे, तर १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पाडाव झाला तेव्हा लावणी ऐन बहरात होती, याची वाट कशी लावायची? पेशवाई बुडाली ती रिकाम्या खजिन्याने, सरदारांच्या आपसातल्या वैराने आणि पुण्यातल्या नादान कारभाराने. दोष नाचणारणीवर टाकणे सोयीचे असते, कारण ती उत्तर द्यायला येत नाही. लंडनच्या कर्नलांनी व्हेरा लिनवर टाकू पाहिलेला दोष त्याच जातीचा होता.

याहून बोलके उदाहरण शत्रूच्या गोटातले आहे. जर्मनांनी युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेड घेतल्यावर तेथील केंद्र जर्मन सैन्यासाठी चालवले जाऊ लागले. त्याच्याकडे तबकड्यांचा साठा तुटपुंजा, आणि त्यात लाले आंडरसन हिने १९३९ मध्ये गायलेली, फारशी न खपलेली ‘लिली मार्लेन’ ही एक तबकडी होती. बरॅकीच्या दरवाजासमोरच्या दिव्याखाली निरोप घेणारा एक पहारेकरी आणि त्याची मैत्रीण, एवढाच गाण्याचा विषय; त्याचे शब्द मुळात पहिल्या महायुद्धातल्या एका सैनिकाने लिहिलेले. १९४१ च्या ऑगस्टपासून ते रात्री दहाच्या जरा आधी लागू लागले आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटापर्यंत पोहोचले. ते ऐकायला जर्मन सेनानी रोमेलचे सैनिक थांबत आणि समोरच्या बाजूला ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यातलेही थांबत. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला हे गाणे मुळीच आवडत नव्हते. त्याला ते उदास, मरगळ आणणारे वाटे. म्हणजे लंडनचा कर्नल आणि बर्लिनचा प्रचारमंत्री यांचे या बाबतीत अगदी एकमत होते. केंद्राने गाणे थांबवून पाहिले, तेव्हा सैनिकांच्या पत्रांचा असा मारा झाला की ते पुन्हा लावावे लागले. १९४२ मध्ये आंडरसनच्या गाण्यावरच बंदी आली, पण तोवर गाणे तिच्याही हातून आणि नाझी राजवटीच्याही हातून निसटले होते. ब्रिटिशांना तर आपले शिपाई जर्मन भाषेत गातात याची लाज वाटून इंग्रजी शब्द रचून घ्यावे लागले. प्रचाराची एवढी अवाढव्य यंत्रणा हाताशी असलेल्या माणसाला एक गाणे आवरता येऊ नये, यातच त्या अफूच्या सिद्धान्ताचा निकाल लागतो.

उलट दिशेचा पुरावाही आहे. जपानने टोकियोहून अमेरिकी सैनिकांसाठी ‘झीरो अवर’ हा इंग्रजी कार्यक्रम चालवला. अमेरिकेत जन्मलेली आणि युद्ध भडकल्यामुळे जपानमध्ये अडकून पडलेली इव्हा तोगुरी ही त्यातली एक निवेदिका. तबकड्या अमेरिकी, बोलणे खेळकर. सैनिकांनी गाणी आनंदाने ऐकली आणि मधल्या टोमण्यांवर हसून घेतले. ‘टोकियो रोझ’ हे नावही त्या सैनिकांनीच पाडलेले; त्या नावाची कोणी एक निवेदिका नव्हतीच. युद्धानंतर मात्र कोणीतरी दोषी हवाच होता. १९४९ मध्ये देशद्रोहाच्या आठ आरोपांपैकी एकावर तोगुरीला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा झाली, ती सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिली आणि १९७७ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी तिला माफी दिली. ज्यांच्यासाठी तो कार्यक्रम होता त्यांना तो करमणूक वाटला; तो घातक वाटला तो घरी बसून वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना.

येथे एक कबुली देणे भाग आहे. नभोवाणीतून केलेले आवाहन सैनिकाला कधीच हलवत नाही, असे माझे म्हणणे नाही. सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद रेडिओने प्रथम जर्मनीतून आणि पुढे आग्नेय आशियातून मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रक्षेपण केले, आणि ब्रिटिश सैन्यातल्या भारतीयांना ते ऐकू नये असे वाटणाऱ्या सरकारची झोप त्याने उडवली. पण ते सुस्काऱ्यात किंवा गाण्यात लपवलेले आवाहन नव्हते. उघड राजकीय हाक होती, आणि जमीन आधीच नांगरलेली होती. अन्याय अंगावर असलेल्या माणसाला बोललेले लागते. तोगुरीच्या टोमण्यांना अशी जमीनच नव्हती.

आता विरोधी पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. प्राध्यापक महाशयांनी तो मांडला नाही, म्हणून त्यांच्या वतीने मीच मांडतो. फर्माईश ही जर खरी कसोटी, तर नाझी जर्मनीनेही सैनिकांच्या फर्माइशींचा कार्यक्रम चालवला होता, त्याचे काय? ऑक्टोबर १९३९ पासून मे १९४१ पर्यंत बर्लिनहून रविवारी होणारा हा जलसा जर्मनीत कमालीचा लोकप्रिय होता. त्यातही सैनिकांनी मागितलेली गाणी असत, त्यातही नव्या बापांना बाळाच्या जन्माची बातमी दिली जाई, बाळाचा रडण्याचा आवाजही ऐकवला जाई. व्हेरा लिनच्या दोन वर्षे आधी! मग लंडनचा कार्यक्रम आपुलकीचा आणि बर्लिनचा तेवढा कपटी, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

हा आक्षेप मी झटकणार नाही, कारण तो निम्मा खरा आहे. नुसती फर्माईश पुरत नाही; मागणाऱ्याला मागण्यासारखे जे जे आहे त्याची यादी दुसऱ्यानेच केलेली असेल, तर ती फर्माईश म्हणजे खानावळीत ‘आमटी की वरण’ असे विचारण्यासारखे आहे. म्हणूनच मी दुसरा प्रश्न जोडला: रेडिओचा कान कोणाच्या हातात? युद्धाच्या पहिल्याच दिवशी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मनीत परदेशी केंद्रे ऐकणे हा गुन्हा ठरला आणि तेथून ऐकलेले पसरवणाऱ्याला देहान्ताची शिक्षा सांगितली गेली. जर्मन सैनिकाला जे मिळत होते ते आवडो न आवडो, पलीकडे जाण्याची वाट बंद होती. ब्रिटिश सैनिक मात्र शत्रूच्या केंद्रावरचे गाणे उघडपणे ऐकत होता आणि त्याच्या अधिकाऱ्यांना फार तर कसेनुसे होत होते. परिणाम पाहा. जर्मन वैमानिकांनाही हवे होते ते स्विंग, म्हणजे अमेरिकी जॅझच्या धाटणीचे नृत्यसंगीत, जे राजवटीच्या लेखी रानटी आणि वंशभ्रष्ट. अखेर गोबेल्सला युद्धाच्या मध्यावर स्वतःच एक सरकारी नृत्यवृंद उभा करावा लागला. यादीबाहेरची मागणी दाबता आली नाही आणि मानताही आली नाही, अशी ती कोंडी होती.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. करमणूक युद्ध सुसह्य करते. जे असह्यच राहायला हवे ते सुसह्य करणे म्हणजे ते लांबवणे नव्हे काय? अमेरिकी सेवेचा प्रमुख टॉम लुइस हा जाहिरात व्यवसायातून आलेला होता, आणि त्याच्या हुद्द्याच्या वरच्या साखळीत कोणालाही सैनिकाच्या सुस्काऱ्याशी देणेघेणे नव्हते. त्यांना लढत राहणारे सैन्य हवे होते. हे मान्यच. पण या तर्काचे दुसरे टोक पकडून पाहा. तो खरा मानला तर सैनिकाची पत्रेही अडवायला हवीत, त्याचा चहाही बंद करायला हवा, कारण तेही युद्ध सुसह्यच करतात. युद्ध पुकारणाऱ्याचा हिशेब लढायला पाठवलेल्यांच्या कानांतून वसूल करणे हा कुठला शांतिवाद? युद्धात करमणुकीवर पैसा कशाला, या आक्षेपावर तर फार बोलण्याचे कारण नाही; कलावंत फुकट गात होते आणि तबकडीची किंमत तोफगोळ्याच्या किमतीपुढे काहीच नव्हती.

खरी लबाडी गाण्यांत नव्हती, ती बातम्यांत होती. करमणूक आणि बातमी एकाच आवाजात, एकाच केंद्रावरून येऊ लागली की गाण्याने मिळवलेला विश्वास बातमी खर्च करते. व्हिएतनाममध्ये हे उघडे पडले. १९७० च्या जानेवारीत सायगावच्या लष्करी प्रसारण केंद्रावर बातम्या देणाऱ्या एका सैनिकाने कार्यक्रम चालू असतानाच सांगून टाकले, की आम्हाला खऱ्या बातम्या देऊ दिल्या जात नाहीत. त्याची तेथून उचलबांगडी झाली. प्राध्यापकांनी सभागृहात हे उदाहरण दिले असते तर त्यांच्या बाजूला वजन आले असते. पण त्यांचा राग नेमका गाण्यांवर होता.

आणि शस्त्रवाल्या गृहस्थांनी ज्याकडे पाठ फिरवली तो प्रश्न याहून अडचणीचा आहे. फर्माईश करण्याचा अधिकार कोणाकोणाला होता? अमेरिकी सैन्यात काळे आणि गोरे सैनिक वेगळे ठेवले जात. ती प्रथा संपवणारा अध्यक्षीय आदेश १९४८ मध्ये निघाला. काळ्या सैनिकांसाठी १९४२ पासून ‘ज्युबिली’ हा स्वतंत्र कार्यक्रम झाला. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, लीना हॉर्न यांच्यासारखे नामवंत काळे कलावंत त्यात होते, आणि संगीत म्हणून तो सगळ्यांत सरस असेल. पण एलिंग्टन ज्या तबकडीवर वाजवत होता ती तबकडीसुद्धा वेगळ्या पंगतीची होती. सैनिकांची सेवा म्हणून या नभोवाणीची आरती करणाऱ्यांनी ही पंगतही पाहावी.

आपल्या माणसांचे काय? त्या युद्धात भारतीय सैन्यात २५ लाखांहून अधिक माणसे होती. मराठा पलटणी १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढल्या, पुढे इटलीत लढल्या. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये तेथे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या माणसांच्या कानांपर्यंत काय पोहोचत होते? बीबीसीची हिंदुस्तानी सेवा ११ मे १९४० रोजी सुरू झाली. झुल्फिकार अली बुखारी तिचे प्रमुख होते आणि बलराज साहनी निवेदकांत होते. शिपायांचे घरासाठीचे निरोपही प्रसारित होत. पण हिंदुस्तानी ही रायगड-साताऱ्याच्या शेतकरी शिपायाची घरची भाषा नव्हती, पलटणीची होती. ज्या भाषेत हुकूम मिळे, प्रामुख्याने त्याच भाषेत त्याची करमणूकही आखलेली. जात्यावरची ओवी, एकतारीवरचे भजन, फडावरचा गण यांच्यातले काहीतरी त्याच्या कानांत तव्याच्या चरचराटाइतकेच खोल असणार. ते मागण्यासाठी पत्र कोणाला लिहायचे?

लंडनमध्ये मराठी माणूसच नव्हते असे नाही. वेणू चितळे ही मराठी बाई बीबीसीच्या पौर्वात्य विभागात लेखक जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम करत होती. १९४२ मधले एक प्रसिद्ध छायाचित्र आहे: ध्वनिक्षेपकाभोवती टी. एस. एलियट, ऑर्वेल, मुल्कराज आनंद, आणि त्यांच्यात वेणू चितळे. त्याच छायाचित्रात जमैकाच्या ऊना मार्सन आहेत. कॅरिबियन बेटांतून ब्रिटनमध्ये आलेले सैनिक आपल्या घरच्यांशी बोलू शकतील, असा कार्यक्रम त्या चालवत. तेथे निदान सैनिकाचा स्वतःचा आवाज घरी पोहोचत होता. चितळ्यांच्या विभागाचे काम वेगळे होते. भारतातल्या सुशिक्षितांना ब्रिटिशांच्या बाजूला राखायचे, हा त्याचा रोख होता. मराठी बाई ध्वनिक्षेपकासमोर होती आणि मराठी शिपाई आघाडीवर होता, पण तार दोघांमध्ये जोडलेली नव्हती.

पुढे काळाने एक गंमत केली. माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने मुख्यतः ब्रिटिश सैनिकांच्या करमणुकीसाठी कोलंबोत नभोवाणी केंद्र थाटले होते आणि तेथे एकला या गावी शंभर किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक आला. सैनिक घरी गेले, यंत्रे राहिली, सिलोन स्वतंत्र झाला. १९५२ मध्ये भारताचे नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना चित्रपटगीते आकाशवाणीच्या इभ्रतीला शोभणारी वाटली नाहीत. रीथ यांचा रविवार त्यांनी सातही दिवस लागू केला म्हणा ना! मग आपल्या घराघरांतल्या रेडिओचे कान फिरले ते थेट कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे, आणि ज्या प्रक्षेपकावर कधी मराठी शिपायाची फर्माईश पोहोचली नसती, त्याच्यावर झुमरीतलैयासारख्या लहान गावांतल्या श्रोत्यांची नावे वाजू लागली. १९५७ मध्ये विविध भारती आली ती याच कोंडीतून.

आमचे एक चुलते सत्तरच्या दशकात उत्तरेच्या सरहद्दीवर होते. विविध भारतीवरच्या ‘जयमाला’ कार्यक्रमाला त्यांनी एकामागून एक तीन पोस्टकार्डे टाकली आणि तसे घरी कळवले. रोज संध्याकाळी आजी पदर सावरून रेडिओसमोर बसे. एके दिवशी ‘फौजी भाइयों’च्या नामावळीत त्यांचे नाव आले, आडनावाचा उच्चार पार बिघडवून, पुढे ‘५६ ए.पी.ओ.’ हा लष्करी टपालाचा पत्ता जोडून. गाणे कोणते होते ते घरात आज कोणालाच आठवत नाही. आजीने गाणे संपेपर्यंत कोणाला बोलू दिले नाही आणि मग एवढेच विचारले, ‘आत्ता तोही ऐकत असंल न्हवं?’ आता जवानाच्या हातात फोन आहे, हवे ते गाणे हवे तेव्हा लावता येते, मग असल्या कार्यक्रमांची गरज काय, असे सभागृहात एका तरुणाने विचारले होते. निवडीपुरते त्याचे बरोबर आहे. पण आजीच्या प्रश्नातला तो ‘आत्ता’ फोनवरच्या गाण्यात नसतो. फर्माईश मागणारा आणि ती ऐकणारे घर एकाच क्षणी एकाच आवाजाशी बसलेले असणे ही निराळी चीज होती.

१९४२ च्या उत्तरार्धात अमेरिकी सैन्याच्या नभोवाणीकडे एका गाण्यासाठी मागण्यांचा पूर आला होता. ते होते ‘व्हाइट ख्रिसमस’: उष्ण प्रदेशात असलेला कोणी एक जण घरच्या बर्फातला नाताळ आठवतो, एवढेच त्यात आहे. शौर्याचा शब्द नाही. प्रशांत महासागरातल्या बेटांवर, घामाने निथळत, पोरांनी ते पुन्हा पुन्हा मागून घेतले. तेहतीस वर्षांनी, २९ एप्रिल १९७५ रोजी, सायगावमधल्या अमेरिकी केंद्रावरून जाहीर झाले, की शहराचे तापमान १०५ अंश फॅरनहाइट असून ते वाढते आहे. आणि पाठोपाठ हेच गाणे लावले गेले. शहर सोडून निघण्याचा तो ठरलेला संकेत होता. ज्यांना तो सांगितलेला होता, त्यांनी सामान उचलले. ज्यांना सांगितलेला नव्हता, त्यांच्या लेखी ते भर उकाड्यात लागलेले एक अवेळी गाणे होते, आणि त्या दिवशी ते कोणीही मागितलेले नव्हते.